झोळीवरचा पत्रा

माझं गाव कारंजाच्या अलीकडं, नाव सांगून तुमाले काई समजणार नाई ताई, पन्नासेक घरं आन् एक विहीर, एवढंच गाव. कारंजाचा बाजार मातर तुमी ऐकला असन, कापसाच्या गाड्यावर गाड्या लागत तिथं, आन् आमी पोट्ट्या बाजाराच्या दिवशी पायी पायी जाऊन फकस्त पाहून येत होतो, घेणं काई नाई, पाहणंच. बाप सालदार होता, म्हणजे एकाच पाटलाच्या घरी वर्षभराचा गडी. माय मी चौथीत असताना गेली, बाळंतपणात गेली, लेकरू बी गेलं. गावात दवाखाना नव्हता, बैलगाडी जुंपेपर्यंत सगळं संपलं होतं. म्हणून काय सांगू तुमाले, बाळंतपण म्हटलं का मले आजबी भेव वाटते. हे आधीच सांगून ठेवते, काहून का पुढचं सगळं मी त्याच भेवात केलं.

शाळा मले लय आवडे. सातवीपर्यंत गेली. गुरुजी म्हणत, शांता, तू शिक, नर्स होशीन. मंग बहात्तरचा दुष्काळ पडला, गावातली मोठी पोरं रस्त्याच्या कामावर गेली, मी बी गेली, खडी फोडायले. एका हातात हातोडी, एका हातात दगड, चिपा उडून डोळ्यात जाऊ नये म्हणून तोंडावर पदर. गुरुजी एक दिवस कामावर आले, म्हणे, शांते, परीक्षा तरी दे. म्या म्हटलं, देते गुरुजी. नाई दिली. दुष्काळ सरला, मी मातर शाळेत परत गेली नाई.

तुमी उंदराचं विचारलं न, तं येते मी उंदरावरच. त्या दुष्काळात आमच्या गावात उंदीर दिसत नव्हता. खरंच सांगते. घरात दाणा नाई, वावरात कणीस नाई, उंदीर कायले थांबन. माझा बाप म्हणे, माणसाच्या आधी उंदरानं गाव सोडलं. मंग दोन सालानं ज्वारी अशी पिकली का खळ्यावर रास मावेना, आन् त्या रासीमागं उंदीर आले, लहान, मोठे, घुशी, सगळे. उन्हाळा-पावसाळा ते वावरात राहतात. ज्वारी सोंगली, वावर मोकळं झालं, थंडी पडली, का मंग ते घराकडं वळतात. हिवाळ्यात माणसाले बी ऊब पाहिजे, उंदराले बी ऊब पाहिजे. त्याच्या मागं साप येते, विंचू येते. म्हणून आमच्याकडं हिवाळ्याची तयारी म्हणजे आधी भिंती पाहणं, गोधड्या मागून.

त्याच पिकाच्या साली माझं लग्न झालं. मालेगावात दिलं मले, आपलं वाशीमच्या रस्त्यावरचं मालेगाव, लोक विचारतात ते नाशकाकडचं का, नाई बापा, ते नाई. तवा आमचा जिल्हा अकोला होता, वाशीम जिल्हा मागून झाला. माझ्या गावाहून मालेगावले जायचं म्हणजे दोन एष्ट्या बदला. आज तुमाले ते काईच वाटणार नाई, पण मले वाटे का मी दुसऱ्या मुलखात आली. बाप एकदा पोचवून गेला, मंग वर्षभर आला नाई, पाटील सुट्टी देत नव्हता.

आमचे हे एका व्यापाऱ्याच्या दाण्याच्या गोदामावर होते. दिवसा पोती उचलत, रात्री राखण करत, म्हणून राहायले गोदामाच्या मागची खोली भेटली होती. मातीच्या भिंती, वर कवेलूचं छप्पर, आन् खोलीची वरची लाकडी बल्ली सरळ भिंतीतून पलीकडं गोदामात गेलेली, एकच लाकूड दोन्हीकडले. हे ध्यानात ठेवा ताई. म्या ठेवलं नाई, तिथंच चुकली.

शेजारी एक टीनवाले चाचा होते. पत्र्याचे डबे, नसराळी, रॉकेलच्या चिमण्या करत. सकाळपासून ठोकठोक ठोकठोक. त्यांच्या घरवालीले सगळे नूरबी चाची म्हणत, जाडजूड बाई, आवाज असा का एष्टी स्टँडावर ऐकू जाईन. मी तिच्याशी वर्षभर धड बोलली नाई. भांडण नाई, काई नाई, मले बोलायचंच भेव वाटे. बाहेरून आलेली पोरगी, काई बोललो आन् चुकलं तं कोन सांभाळून घेईन. पाण्याले गेली का मी घागर भरून मान खाली घालून परत.

मले दिवस गेले तवा माय नाई म्हणून मायेरी जाण्याचा प्रश्नच नव्हता. सासू खेड्यावरून आली. आमची सासू सडपातळ, कडक, रोज सकाळी आंघोळ करून बाबासाहेबांच्या आन् बुद्धाच्या फोटोपुढं पंचशील म्हणणारी, आन् मंग दिवसभर माझ्यावर नजर ठेवणारी. वाईट नव्हती. पण तिचा शब्द म्हणजे शब्द. दिवाळी होऊन महिनाभरानं मले पोरगी झाली, सरकारी दवाखान्यात झाली, मी जिवंत, पोरगी जिवंत, मले खरंच वाटेना. पण पोरगी लय बारीक, एका तळहातात मावे. तिथली नर्सबाई म्हणे, हिले ऊब द्या, थंडी लागू देऊ नका, हिच्या अंगात जोर नाई, आजार झाला तं झेपणार नाई हिले. ते मी असं ऐकलं जसं माझ्या मायचंच कोनी सांगून राह्यलं. नाव ठेवलं कुंदा.

ऊब द्यायची म्हणून खोलीत शेगडी, ओव्याची धुरी, आन् लेकरू झोळीत. सासूच्या जुन्या लुगड्याची झोळी केली, दोन्ही टोकं वर एका अंबाडीच्या दोराले बांधली, आन् तो दोर बल्लीले. खाली बाज होती माझी. सासू म्हणे, भुईवर नको ठेवू पोरीले, खाली मुंग्या हायेत, विंचू हाय, उंदीर हाय. वर झोळीत बरी. बाजेच्या चारी पायाखाली पाणी भरलेल्या वाट्या ठेवल्या, मुंगी चढू नये म्हणून.

आन् भिंती. सासूनं मले बाळंत व्हायच्या आधीच भिंती लिंपायले लावल्या होत्या, सातव्या महिन्यात, आन् मले ते काम येतही होतं, बापाच्या घरी मीच करत होती. बीळ कसं बुजायचं तुमाले सांगू का? नुसती माती भरली तं उंदीर दुसऱ्या दिवशी उकरून काढते, त्याले ते खेळणं वाटते. म्हणून आधी बोराटीचे काटे कोंबायचे, मंग फुटक्या बांगड्यांचा, काचेचा चुरा मातीत कालवून भरायचा, मंग वरून शेण-मातीचा हात. आन् त्याच्याही आधी एक काम, जे लोक विसरतात, पाहायचं का उंदीर आत हाय का बाहेर गेला. त्याले आत कोंडून बीळ बुजलं तं तो जीव जायले आला म्हणून घराकडूनच भोक पाडते. त्यासाठी चुलीची राख वस्त्रगाळ करून बिळासमोर पसरायची. सकाळी राखीवर पाय दिसतात, बाहेर जाणारे का आत येणारे. मले ते वाचता येत होतं. शाळा सुटली पण तेवढं वाचणं सुटलं नाई.

म्या सोळा बिळं बुजली त्या खोलीत. दाण्याच्या मडक्यात कडुलिंबाचा पाला, ज्वारीले राख चोळलेली, भाकरी शिंक्यात, गोवऱ्या बाहेर, खोलीत कचऱ्याची काडी नाई. सासू फिरून पाहे आन् काईच म्हणत नव्हती. ती काईच म्हणाली नाई का समजायचं काम बरं झालं.

रोज दुपारी सासू कुंदाले तिळाच्या तेलानं चोळत होती. पाय पसरून बसे, पोरीले पायावर घेई, आन् असं चोळे का पोरगी ओरडून ओरडून लाल. चोळणं झालं का तिच्या दोन्ही हातांले तेल राही. आमच्या सासूच्या घरी चाल होती, लेकराच्या अंगचं उरलेलं तेल फडक्याले पुसायचं नाई, झोळीच्या दोराले पुसायचं. म्हणजे तेल वाया जात नाई, दोर करकर वाजत नाई, तुटत नाई, आन् सासू म्हणे, दोर जसा चिवट तसं लेकराचं आयुष्य चिवट. माझ्या नवऱ्याले तसंच वाढवलं होतं तिनं, सहा लेकरांले वाढवलं होतं. दुपारी सासू पुसे, आन् सकाळी म्या चोळली तं मी बी पुसत होती. मले लय आवडे ते. मायच्या घरचं काई माहीत नसलेल्या पोरीले कोनी एक चाल दिली, ती म्या मनापासून धरली.

पौषात व्यापाऱ्यानं गोदाम मोकळं केलं. दोन दिवस पोती उचलली, ट्रक भरले, सगळं गोदाम झाडून रिकामं. आमचे हे घरी आले, म्हणे, काय उंदीर होते गा, पोतं उचललं का दहा पळत, सगळे भिंतीकडं पळाले. म्या म्हटलं, पळू द्या, आमच्या भिंती बंद हायेत.

त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी कुंदाले झोळीतून काढली तं तिच्या फडक्याले रक्त. डाव्या पायाचा आंगठा, ताई, टोकाशी कुरतडलेला. लहान, तीळभर, पण कुरतडलेला. पोरगी रडली नव्हती. उंदीर असं कुरतडते का माणसाले समजत नाई म्हणतात, फुंकर घालते म्हणतात, खरं खोटं मले माहीत नाई. मी बाजेवर होती, तिच्या खाली हातभर, आन् मले काई ऐकू आलं नाई. मी पोरीले छातीशी धरून नुसती उभी राह्यली, सासूनं दोनदा विचारलं काय झालं, काय झालं वं, तवा म्या तो पाय दाखवला.

दवाखान्यात नेली. तिथं जखम धुतली, इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली. नर्सबाई तीच होती. म्हणे, एवढ्यानं काई होत नाई, पण हिले ताप भरला तं लगेच आणा, आन् पुन्हा असं होऊ देऊ नका बाई, हे लेकरू दुसऱ्यांदा सहन करणार नाई.

घरी येताना सासूनं पोरीले आपल्या पदराखाली घेतलं. घरी आल्यावर म्हणे, तू झोपतेच कशी एवढी? दूध पाजून तोंड पुसलं नसशीन पोरीचं, दुधाच्या वासानं आला. म्या म्हटलं, पुसलं बाई. म्हणे, मंग बीळ राह्यलं असन. म्या म्हटलं, नाई राह्यलं. म्हणे, मंग काय आभायातून आला? ऐक, आता पुन्हा एक दात लागला माया नातीले, तं मी तुमा दोघींले खेड्यावर घेऊन जातो, मंग हा राहीन एकटा आपल्या गोदामावर.

सासूचं खेडं म्हणजे माझ्याच गावासारखं. दवाखाना नाई, एष्टी दिवसातून एकदा, पावसात तीही नाई. मले माझी माय दिसली, ती बैलगाडी दिसली. मी एवढीच गोष्ट धरून होती का दवाखाना पायी दहा मिनिटावर हाय. पोरीले ताप भरला तं पळत नेता येईन. खेड्यावर कुठं पळू?

मंग म्या सगळ्या खोलीत राख पसरली. चारी भिंतीच्या कडेनं, दारात, बाजेखाली, सगळीकडं. सकाळी पाहते तं राख जशीच्या तशी. एक पाय नाई. मुंगीची रेघ नाई. आन् कुंदाच्या झोळीच्या फडक्यावर दोन लेंड्या. बारीक, काळ्या. पोरीले म्या त्या रात्री माझ्याजवळ घेतली होती म्हणून वाचली, झोळी रिकामी होती. म्हणजे तो आला होता. आन् भुईवरून आला नव्हता. एवढं समजायले पाहिजे होतं न मले? नाई समजलं. भेव धरलं का माणसाची अक्कल जागेवर राहत नाई. मी पुन्हा भिंतीच पाहत बसली, बुजलेली बिळं पुन्हा उकरून पुन्हा बुजली, बोटं काचेनं कापली माझी.

यांनी उंदराच्या औषधाची काळी पुडी आणली. म्या म्हटलं, पंचशील घेतो न आपण, जीव मारायचा नाई म्हणतो. यांनी पुडी सासूच्या हातात दिली. सासू फोटोकडं पाहून म्हणे, रोज म्हणतो मी, आन् उद्याही म्हणीन. पण त्यानं माया नातीचा आंगठा खाल्ला तवा त्यानं म्हटलं का पंचशील? लावा गोळ्या. बुद्धाले मी उत्तर देईन.

ज्वारीच्या पिठात कालवून, तेलाचं बोट लावून गोळ्या केल्या, कोपऱ्यात ठेवल्या. उंदरानं एक खाल्ली नाई. हुशार जात ती. दुसऱ्या दिवशी दुपारी सासू अंगणात दाणे पाखडत होती, मी पोरीले पाजून राह्यली होती, दार उघडं होतं, आन् नूरबी चाचीची तांबडी कोंबडी आत आली. म्या हुश हुश केलं, उठेपर्यंत तिनं एक गोळी गिळली. संध्याकाळच्या आत कोंबडी मेली.

चाची ती कोंबडी पायाले धरून घेऊन आली. आवाज तं सांगितला तुमाले. कोन मारली माझी कोंबडी, अंड्यावरची कोंबडी, काय केलं होतं वं तिनं तुमचं? सासू बी काई कमी नाई, ती म्हणे, कोंबडी सांभाळायची आपल्या घरी, आन् दिवसभर ठोकठोक करता, लेकरू झोपू देत नाई, ते? आता इकडून एक, तिकडून एक. मी उठली. मले वाटलं आता आपलं या गल्लीत राहणंही संपलं. मी दारात गेली, आन् म्या कुंदाचा पाय वर केला, पट्टीचा. म्हटलं, चाची, औषध तुमच्या कोंबडीले नव्हतं. हे पाहा.

चाचीनं पट्टी पाह्यली. कोंबडी दाराबाहेर ठेवली. हात धुतले आमच्या घागरीतून. आत आली, माझ्या बाजेवर बसली, बाज करकन वाजली. पाय हातात घेतला. म्हणे, या अल्ला, एवढूसं लेकरू. मंग तिनं आमच्यासारखं भुईकडं पाह्यलंच नाई. ती आधी वर पाहत गेली. झोळी, झोळीच्या वर दोर, दोराच्या वर बल्ली. उठली, दोराले हात लावला, बोट नाकाशी नेलं. म्हणे, बेटी, रस्सीले तेल कायले लावलं?

म्या म्हटलं, चाल हाय आमच्याकडं.

चाची म्हणे, चाल चांगली हाय. पण तू उंदराले खाण्याचा रस्ता करून दिला. तिळाचं तेल हाय हे. तो बल्लीवरून येते, दोर चाटत चाटत खाली उतरते, आन् खाली येऊन पाहते तं तेल लावलेलं लेकरू. त्याले काय समजते दोर कुठं संपला आन् पाय कुठं सुरू झाला? आन् तिनं दोर फिरवून दाखवला. आमच्या हाताच्या उंचीपर्यंत सगळा दोर चिकट, काळा, आन् त्यावर बारीक बारीक दाताचे ठसे, धागे निघालेले. महिनाभर मी रोज त्याच दोराले हात पुसत होती, आन् ते ठसे म्या पाह्यले नव्हते. राखीवरचे पाय वाचता येत होते मले. डोळ्यापुढचं नाई.

सासूकडं पाहायची माझी हिंमत झाली नाई. ती सूप हातात घेऊन दारात उभी होती, सगळं ऐकत.

चाची म्हणे, तू कुठची हाय? म्या गाव सांगितलं. म्हणे, अगं, मी कारंजाची! वर्षभर शेजारी राहून बोलली नाई तू? मले वाटलं ही पोरगी लय मिजासवाली हाय, मान वर करत नाई. मले हसू आलं आन् रडू आलं, दोन्ही एकदम. मिजासवाली. मी!

तिनं तिथूनच चाचाले हाक मारली. चाचा आले, बारीकसे, कानामागं पेन्सिल. तिनं सांगितलं, आपल्या रोटीच्या शिंक्यावर हाय तसं करून दे, मोठं. त्यांच्या घरी भाकरीचं शिंकं टांगलेलं होतं, त्याच्या दोरात मधोमध पत्र्याची एक तबकडी घातलेली, उंदीर वरून उतरला का तबकडीवर येऊन अडकते, पत्रा गुळगुळीत, कडेले नखं रुतत नाई, खालचा दोर त्याले दिसतच नाई. तिचं मायेर कारंजात दाण्याच्या दुकानांच्या गल्लीतलं, तिथं घरोघरी तसं होतं म्हणे.

चाचानं तेलाचा रिकामा डबा कापला. थाळीपेक्षा मोठा गोल, मधात भोक, एका बाजूनं कापून, कडेवर कड चढवून जराशी टोपी केली, उतार खाली. कडा दुमडून घेतल्या, लेकराले लागू नये म्हणून. मी झोळीजवळ बसून ती ठोकठोक ऐकत होती. वर्षभर ज्या आवाजानं माझं डोकं उठे, तो आवाज मले तवा इतका गोड लागला काय सांगू. सासू बी काई बोलली नाई त्या दिवशी ठोकठोकीले.

जुना दोर चुलीत घातला. नवीन अंबाडीचा दोर, कडुलिंबाच्या पाल्याचा धूर दिलेला, त्यात पत्रा ओवला, खाली गाठ मारली. हे बल्लीवर चढले आन् भिंतीतली बल्लीची फट काचेच्या मातीनं बुजली, पण लाकूड अन् माती सुकून पुन्हा भेग पडते, म्हणून भरवसा पत्र्यावरच. चाची म्हणे, आजची रात्र पोरीले तुझ्याजवळ घे, आन् झोळी रिकामी टांग. म्या एक काम माझ्या मनानं केलं. पत्र्यावर वरच्या बाजूनं राख भुरभुरली.

सकाळी बाजेवर उभी राहून पाह्यलं. राखीवर पाय. वरून उतरलेला, पत्र्यावर गोल फिरलेला, एकदा, दोनदा, कडेपर्यंत येऊन थांबलेला, एका जागी घसरलेला, आन् परत वर गेलेला. झोळीचं फडकं स्वच्छ. म्या सासूले हाक मारली. ती बाजेवर चढली, तिले चढता येत नव्हतं, म्या कंबरेले धरलं. तिनं पाह्यलं, लय वेळ पाह्यलं. उतरली आन् चोळायचं तेल कोमट करायले ठेवलं.

दुपारी तिनं कुंदाले चोळलं, पट्टीचा पाय सांभाळून. पोरगी ओरडली, लाल झाली, शांत झाली, झोळीत घातली. सासू उठली आन् तिचे हात आपोआप दोराकडं गेले, सहा लेकरांची सवय ती. दोरापाशी जाऊन थांबले. मी पाहत होती. हातावर तेल, पुसायचं कुठं, फडक्याले पुसायचं नाई. मंग ती वळली, माझ्या मागं येऊन बसली, माझी वेणी सोडली, आन् दोन्ही हात माझ्या डोक्यावर चोळले. म्हणे, कोरडे झाले केस तुये. बाळंतपणात केस जातात. माय असती तं तिनं पाह्यलं असतं.

एवढंच. खेड्यावर नेण्याचं पुन्हा कधी काढलं नाई तिनं. त्या दिवसापासून उरलेलं तेल माझ्या डोक्यावर. सव्वा महिना झाला तरी ती गेली नाई, होळीपर्यंत राह्यली, आन् गेली ती परत आली तवा तिच्या काखेत एक कोंबडी होती, खेड्यावरची, अंड्यावरची, एष्टीत मांडीवर घेऊन आणलेली. सरळ चाचीच्या दारात गेली आन् सोडली. म्हणे, घे वं, हिले बांधून ठेवजो. चाची म्हणे, तुमीच दार लावत जा. मंग दोघी बसल्या बोलत, मी चहा ठेवला.

उंदीर काई गेले नाई. गोदामाशेजारी राहून उंदीर जातात का? आमी तिथं अकरा वर्षं राह्यलो. दर हिवाळ्यात भिंती, काच, काटे, राख. कुंदाच्या मागून दोन पोरं झाली, दोघंही त्याच पत्र्याखाली वाढली. औषध मातर पुन्हा आणलं नाई. सासू म्हणे, बुद्धाले उत्तर देतो म्हटलं होतं मी, पण कोंबडीचं उत्तर काय देऊ?

कुंदा शिकली. गुरुजी मले म्हणत होते ते तिनं केलं, नर्स झाली, आता इकडं पुण्यात मोठ्या दवाखान्यात हाय, आन् हे गेल्यापासून मी तिच्याकडंच राहते, पाचव्या मजल्यावर. इथं कोनाची ओळख नाई मले, बोलायले भेव वाटे तसंच आजबी वाटते, लिफ्टमधे मान खालीच असते माझी. पण मंग चाची आठवते आन् मी शेजारणीले आपणहून विचारते, कुठच्या तुमी? इथं औषध फवारणारे लोक येतात, वर्षातून दोनदा, पिंप घेऊन. कुंदा हसते, म्हणते, आई, इथं पाचव्या मजल्यावर कुठला उंदीर? मी म्हणते, मी कुठं काय म्हटलं? पण कोनाच्याही घरात गेली का मी आधी वर पाहते. छत, पंखा, वायरी. सवय.

तिच्या डाव्या आंगठ्याले आजही टोकाशी जरा चपटं हाय. तिले आठवत नाई काई. कुंदाच्या पोरीले आता मुलगा झाला, बावीस दिवसांचा हाय, त्याले चाकाचा पाळणा आणला दुकानातून, त्याले दोरच नाई. पत्रा मी संगं आणला होता मालेगावाहून, पेटीत खाली ठेवलेला, जंग चढला हाय, टांगायले जागा नाई. नसू दे. मी त्याले चोळते रोज दुपारी, कुंदाची पोरगी शेजारी बसते, आन् चोळून झालं का माझ्या हाताले तेल राहते. ती टॉवेल पुढं करते. मी टॉवेल बाजूले ठेवते आन् म्हणते, वळ इकडं, केस सोड.

नूरबी चाची आता नसन, तवाच मोठी होती माझ्याहून. चाचा गेल्यावर ती कारंजाले पोरीकडं गेली, मंग भेट नाई. तिनं मले रागवायले यावं आन् माझं लेकरू वाचवून जावं, असं कोनी करते का? जिथं असन तिथं सुखात असो बापा. तिच्या शिंक्यातल्या भाकरीले उंदराचा दात न लागो.